विंडोज ११ चे अपडेट: एका डीटीपी कार्यालयातला अनुभव

आमच्या डीटीपी कार्यालयात चार संगणक आहेत आणि लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, प्रश्नपत्रिका व दिवाळी अंकांची पाने असे काम त्यांच्यावर बारा महिने चालते. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर बंद होणार हे जाहीर होते, आणि ती तारीख नेमकी दिवाळीच्या तोंडावर येत असल्यामुळे आम्ही पावसाळ्यातच विंडोज ११ वर जाण्याचे ठरवले. प्रणाली म्हणून विंडोज ११ ला मी पाचपैकी चार तारे देईन. तिच्या अपडेटच्या पद्धतीला मात्र तीनच देईन, कारण बटण दाबण्यापूर्वी वापरणाऱ्याला जे कळायला हवे, ते पडद्यावर साध्या शब्दांत कुठेच लिहिलेले नसते.

पहिली अडचण पात्रतेची. विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण पुरते. पण टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा असल्यास साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि जुने संगणक अडकतात ते इथेच. आमच्या एका संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या तपासणीने टीपीएम नसल्याचे सांगितले तेव्हा नवा संगणक घ्यावा लागणार असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ती सोय प्रोसेसरमध्येच होती, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, बंद होती. इंटेलच्या मदरबोर्डवर ती पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या मदरबोर्डवर एफटीपीएम या नावाने सापडते. मशीन भंगारात काढण्यापूर्वी हा पर्याय अवश्य पाहावा.

दुसरी अडचण आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला भेडसावणारी आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. जुन्या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरसाठी अनेक कार्यालयांनी चांगल्या संगणकांवरही मुद्दाम ३२ बिट विंडोज ठेवलेले असते, कारण त्या सॉफ्टवेअरच्या डोंगलचा (म्हणजे ते चालवण्यासाठी संगणकाला लावावी लागणाऱ्या किल्लीवजा उपकरणाचा) ड्रायव्हर ३२ बिटचाच असतो. अशा संगणकावर थेट अपग्रेड होत नाही, फॉरमॅट मारूनच नवी प्रणाली टाकावी लागते, आणि टाकल्यावर तो ड्रायव्हर चालत नाही. आमचे हेच झाले. शिवाय जुन्या फाइली युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात नसतात, त्यामुळे फॉन्ट परत टाकेपर्यंत वधू-वरांच्या नावांच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. फॉन्टच्या फोल्डरची प्रत आम्ही आधीच पेनड्राइव्हवर घेतली होती म्हणून निभावले. कामाच्या फाइलींचा बॅकअप सगळेच घेतात. फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर आणि डोंगलची सीडी यांची आठवण मात्र फॉरमॅट झाल्यावरच होते.

ज्या संगणकावर थेट अपग्रेड झाले, तिथे सर्व मिळून अडीच तास लागले आणि त्यात टक्केवारीचा आकडा बराच वेळ एकाच जागी थांबला होता. अशा वेळी घाबरून पॉवरचे बटण दाबणे हा सर्वात घातक उपाय आहे. यूपीएसची बॅटरी आधी तपासावी, आणि दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा आपल्या भागातला वार टाळावा. अपग्रेडनंतर जुनी प्रणाली विंडोज.ओल्ड या फोल्डरमध्ये राहते आणि सेटिंग्जमधल्या ‘गो बॅक’ने १० दिवसांपर्यंत मागे जाता येते. ही मुदत मला फार अपुरी वाटते. एखादी जुनी अहवालाची फाइल आम्ही वर्षातून एकदाच उघडतो. ती नीट उघडत नाही हे १० दिवसांत कळणार कसे? डिझ्म या आज्ञेने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती १० दिवस संपण्यापूर्वीच द्यावी लागते. डिस्क भरली म्हणून कोणी डिस्क क्लीनअपमधून जुनी विंडोज पुसली, तर परतीचा हा मार्ग त्याच क्षणी बंद होतो.

सर्वात मोठा धक्का बसला तो लॅपटॉपवर. त्यावर विंडोज ११ पहिल्यापासून होते. एका सकाळी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचे बायोसचे अपडेट आले, संगणक पुन्हा सुरू झाला, आणि आमच्या ऑपरेटरने हाक मारली, “काका, निळा पडदा आलाय आणि आकडे मागतोय.” तो बिटलॉकरचा, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीचा, पडदा होता. डिस्क कूटबद्ध झालेली होती हेच आम्हाला माहीत नव्हते. सहा-सहा अंकांचे आठ गट, म्हणजे ४८ अंकी रिकव्हरी की, त्याला हवी होती. आमच्या खात्यात ती सापडेना, कारण विकत घेताना दुकानातल्या मुलाने स्वतःचेच मायक्रोसॉफ्ट खाते घालून लॅपटॉप सुरू करून दिला होता. तो गावी गेलेला, फोन बंद, आणि एका पतसंस्थेच्या अहवालाचे अखेरचे प्रूफ त्याच डिस्कमध्ये. दुपारी चारला त्याचा फोन लागला. पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरे त्याच्या खात्यातल्या नोंदीशी जुळवून त्याने आकडे सांगितले आणि ऑपरेटरने ते एकेक करून टाइप केले. फोन लागला नसता तर तो डेटा कायमचा गेला असता. त्या संध्याकाळी सर्व लॅपटॉपच्या रिकव्हरी की छापून आम्ही तिजोरीत ठेवल्या. नवा लॅपटॉप घेताना तो आपल्याच खात्यावर सुरू करून घ्यावा, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

दरमहा येणाऱ्या अपडेटबाबतही आम्ही आता शिस्त पाळतो. मायक्रोसॉफ्टचे मुख्य सुरक्षा-अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघते, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा किंवा साडेअकराला. दुसऱ्या दिवशी ते फक्त एका संगणकावर घेऊन प्रिंट, पीडीएफ आणि जुन्या फाइली तपासतो. उरलेल्यांवर ‘पॉज’ वापरून आठवडाभर थांबतो. हे थांबणे अनाठायी नाही. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० अपडेटमध्ये काही वापरकर्त्यांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली पुसल्या गेल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते काही दिवसांतच थांबवावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये रिकव्हरी पार्टिशनमध्ये (डिस्कवरच्या दुरुस्तीसाठी राखीव भागात) पुरेशी जागा नसलेल्या संगणकांवर एक अपडेट सतत अपयशी ठरत होते. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर तर काही संगणक थेट बिटलॉकरच्या त्याच निळ्या पडद्यावर उघडत होते.

तरीही अपडेट कायमचे बंद करून टाकण्याचा सल्ला जे तंत्रज्ञ देतात, त्यांचे मी ऐकणार नाही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हे फाइली अडकवून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर जगभर पसरले, तेव्हा ज्या त्रुटीतून ते शिरत होते तिच्यावरचे अपडेट १४ मार्चलाच आलेले होते. आठवडाभर थांबणे आणि दोन महिने न घेणे यांतला फरक त्या दिवशी रुग्णालयांनीसुद्धा भोगला.

राहता राहिला आमचा चौथा, चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचा संगणक. नियम चुकवून त्यावर विंडोज ११ चढवण्याच्या युक्त्या अनेकांनी सुचवल्या, पण अशा संगणकाला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही. त्यावर ३२ बिट विंडोज १० टाकून जुने टंकनाचे सॉफ्टवेअर आणि डोंगल त्याच्याकडे दिले, आणि त्याची इंटरनेटची केबल काढून ठेवली. फाइली पेनड्राइव्हने जातात-येतात, आणि तो पेनड्राइव्ह दर वेळी आधी विंडोज ११ च्या संगणकावर स्कॅन होतो.