ब्रॉडबँडचे पैसे: दरमहा की सहा महिन्यांचे एकदम?

वेग आणि राउटर दोन्हीकडे तेच, त्यामुळे ते सोडून देऊ. मधेच दर वाढला तर कुठे कमी झळ बसते, एवढेच इथे बघायचे आहे.

नाशिकमध्ये कॉलेज रोडला भाड्याने राहणाऱ्याचा अकरा महिन्यांचा करार संपत आला असेल, तर त्याने दरमहाच भरावे. मात्र वाढ त्याला पुढच्याच रिचार्जला लागते. ४९९ चा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ५८८.८२ रुपयांना पडतो. ५४९ झाला की ६४७.८२. त्यात पॅक ३० दिवसांचा असेल तर बारा रिचार्जमध्ये ३६० दिवसच भरतात. यूपीआय ऑटोपे असेल तर मँडेटची, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेल्या परवानगीची, कमाल रक्कम बघून घ्या. ती दोन हजार असली तर वाढीव बिल पिन न विचारता कापले जाते. ६०० ठेवू देत असतील तर तेवढीच ठेवा. दर वाढला की पैसे कापलेच जाणार नाहीत आणि वाढ लगेच कळेल.

एकदम पैसे भरले की दर बांधला गेला, असे आपण धरून चालतो. खरी मेख इथेच आहे, आणि निवड करताना मला सगळ्यात जास्त खुपली तीही हीच. काही केबलवाले वर्षाचे पैसे रोख किंवा स्वतःच्या क्यूआरवर घेतात, पण कंपनीच्या पोर्टलवर रिचार्ज महिन्या-महिन्याने मारतात. कंपनीच्या लेखी तुम्ही मासिक ग्राहकच. दर वाढला की फरक मागायला माणूस दारात येतो आणि नाही दिला तर लाइन बंद. हातात पुरावा म्हणून साधी चिठ्ठी. तिच्यावर ना जीएसटी क्रमांक, ना कालावधी.

म्हणून पैसे कंपनीच्या ॲपमधूनच भरा. त्याच संध्याकाळी लॉगिन करून एक्स्पायरीची तारीख बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा. तारीख महिन्याभरानंतरचीच दिसली तर लगेच भांडा, पाचव्या महिन्यात नव्हे. ओएनटीचे (घरात बसवलेल्या फायबरच्या डब्याचे) भाडे आणि लाइन मेंटेनन्स त्या रकमेत धरले आहेत का, हेही लेखी विचारा. प्लॅनचा दर तोच ठेवून वाढ तिथून येऊ शकते. ब्रिटनमध्ये १७ जानेवारी २०२५ पासून नव्या करारातली वाढ पौंड-पेन्समध्ये आधीच सांगावी लागते. आपणही तसा आकडा आधीच मागावा.

एकदम बारा महिन्यांचे पैसे भरणे मात्र मला जास्त वाटते. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामे चालू असताना फायबर तुटण्याची भीती आहेच. लाइन बंद असलेले दिवस वैधतेत वाढवून मागा, दर वेळी तक्रारीचा डॉकेट नंबर घेऊन. एकाच घरात राहणार असाल तर माझा कल सहा महिन्यांकडे.

वाद झालाच तर आधी कंपनीचे तक्रार केंद्र, मग तिचेच अपील प्राधिकरण. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, पण तिथेही पहिल्यांदा तो स्क्रीनशॉट आणि जीएसटी बिलच लागेल.