ग्लास-फायबरचा स्कॅन: क्लस्टरिंग करावं की चाचणी?

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत ३० टक्के ग्लास भरलेल्या नायलॉनचे ब्रॅकेट मोल्ड करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मायक्रो-सीटी स्कॅन (एक्स-रेने काढलेलं भागाच्या आतलं त्रिमितीय चित्र) हातात आला, आता त्यातली बिघडलेली जागा शोधायला दोन वाटा आहेत. एक क्लस्टरिंग: स्कॅनचे छोटे ठोकळे पाडायचे आणि सारख्या ठोकळ्यांचे गट करायचे. दुसरी बदल ओळखणारी चाचणी, संख्याशास्त्रज्ञ पेज यांच्या १९५४ च्या क्युसमच्या (फरकांची चालती बेरीज ठेवून बदल पकडणारी पद्धत) घराण्यातली.

क्लस्टरिंग सोपं आहे, फुकट सॉफ्टवेअरमध्ये तयार मिळतं. पण दोन गट मागितले की ते दोन गट देतंच, माल अगदी एकसारखा असला तरी. तेवढ्यावर लॉट रिजेक्ट करणं मला मान्य नाही. चाचणी आधी बिघाड आहे का तेच विचारते, आणि खोट्या इशाऱ्याचं प्रमाण आपण ठरवतो. मात्र ते प्रमाण सगळ्या स्कॅनचं मिळून ठरवा. ठोकळ्यागणिक ५ टक्के ठेवलंत, तर १,००० ठोकळ्यांच्या निर्दोष मालातही सुमारे ५० खोटे इशारे येतील. म्हणून आधी चाचणी. बिघाड निघालाच तर तो कुठवर पसरलाय हे पाहायला क्लस्टरिंग.

मोजायचं काय, हे त्याहून महत्त्वाचं: फायबरची सरासरी दिशा की दिशांची एन्ट्रॉपी, म्हणजे दिशा किती विस्कटल्यात त्याचं माप? वेल्ड लाइनच घ्या. वितळलेल्या मालाचे दोन प्रवाह भेटतात, तिथे फायबर जोडाला समांतर पडतात, जोड ओलांडून पलीकडे फारसे जातच नाहीत. भाग बहुतेकदा तिथूनच मोडतो. पण फायबर ओळीत असल्यामुळे एन्ट्रॉपीला काही खटकत नाही. सरासरी दिशा मात्र बदल पकडते. उलट फायबरचा गुंता झाला तर सरासरी फारशी न हलताही एन्ट्रॉपी चढते. तेव्हा दोन्ही मोजा. फायबरला पुढचं-मागचं टोक नसतं, त्यामुळे दिशांची साधी बेरीज केली तर त्या एकमेकींना खोडतात. ओरिएंटेशन टेन्सर वापरा, म्हणजे पुढचं-मागचं टोक न मानता दिशांची सरासरी मांडणारं कोष्टक.

साच्याच्या भिंतीलगत फायबर प्रवाहाच्या दिशेने आणि गाभ्यात बहुधा आडवे असतात. तो बिघाड नव्हे. तुलना त्याच खोलीवरच्या थराशी, चांगल्या भागाच्या स्कॅनवरून करा.

कार्बन-इपॉक्सीत फायबर आणि रेझिन स्कॅनमध्ये नीट वेगळे दिसत नाहीत, तिथे दिशा काढणं अवघड जातं. ग्लासचं तसं नाही, पण ४ मायक्रॉनचा व्हॉक्सेल (स्कॅनमधला सगळ्यात छोटा घन ठिपका) आणि २,००० व्हॉक्सेलची रुंदी धरली तर जेमतेम ८ मिलिमीटरचा तुकडा बसतो. तो वेल्ड लाइनवरूनच कापा. मोठ्या लॅमिनेटमधले (थरावर थर चिकटवलेल्या भागातले) सुटलेले थर शोधायचे असतील तर अल्ट्रासॉनिक सी-स्कॅन, म्हणजे ध्वनिलहरींनी काढलेला भागाचा नकाशा, घ्या.