हरभऱ्यातले तण: कोळपणी की पेंडीमेथालिन?

सलग हरभरा असेल तर ओळींमधून कोळपे चालवणे आणि पेंडीमेथालिन हे तणनाशक, दोन्ही चालतात. आंतरपीक घेतले की निवड बदलते.

पेंडीमेथालिन ३० टक्के ईसी (पाण्यात मिसळायचे द्रव औषध) एकरी १ लिटर, २०० लिटर पाण्यातून, पेरणीनंतर ४८ तासांच्या आत आणि उगवणीआधी फवारावे. फ्लॅट फॅन नोझल वापरावे, मागे मागे सरकत फवारावे, म्हणजे फवारलेली जमीन तुडवली जात नाही. बहुतेकांचे चुकते ते इथे: जमीन कोरडी किंवा ढेकळांची असते. मग औषधाचा सलग थर बसत नाही आणि ढेकळाखालचे तण उगवून येते. हे औषध उगवते तण मारते, उगवलेले नाही. हरळी, लव्हाळा तर त्याला दादच देत नाहीत.

कोळपणीत पहिली पाळी २० ते २५ दिवसांनी, दुसरी ३० ते ३५ दिवसांनी, दोन्ही वाफशावर, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी असताना. ओलीत कोळपले तर उपटलेले तण पुन्हा मूळ धरते. कोळपणीने माती भुसभुशीत होते, भेगा बुजतात, ओल टिकते. कोरडवाहू हरभऱ्याला हा फायदा फार मोलाचा. ओळीतले तण मात्र खुरप्यानेच काढावे लागते आणि मजुरी तिथेच जाते.

हरभरा व मोहरी २:१ ओळींत घेतली तर पेंडीमेथालिन दोन्हींना चालते. हरभरा व ज्वारी ६:२ असेल तर कोळपेच धरा: पेंडीमेथालिनने ज्वारीची उगवण मार खाते आणि ज्वारीचे तणनाशक अॅट्राझीन हरभरा जाळते.