बायबलमधले चमत्कार: घडलेली गोष्ट की विश्वासाचा धडा? ठरवायला बसलेल्यांसाठी

बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या मराठी घरांत हा प्रश्न पुस्तकातून येत नाही. तो रविवार शाळेत येतो. येशूनं मेलेल्या लाजराला उठवल्याचा धडा संपला की एखादं पोर हात वर करतं, "टीचर, खरंच झालंय काय ते सांगा की." नाहीतर लग्न ठरताना येतो, एक घर मेथडिस्ट आणि दुसरं माळकरी असलं की. आणि सगळ्यात वाईट वेळी म्हणजे दवाखान्यात येतो. दोन्ही बाजूंची माणसं आपापल्या जागी ठाम असतात. मधे अडकलेल्याला मात्र काहीतरी ठरवावं लागतं.

"घडले" म्हणणाऱ्यांचा मुद्दा साधा आहे. देवानं सृष्टी निर्माण केली हे एकदा मानलं, की काना गावातल्या लग्नात येशूच्या हातून सहा दगडी रांजणांतल्या पाण्याचा द्राक्षारस होण्यात अडचण कसली? संत ऑगस्टीन तर म्हणायचे की चमत्कार निसर्गाच्या विरुद्ध नसतो, निसर्गाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्याच्या विरुद्ध असतो. याहून वजनदार मुद्दा इतिहासाचा आहे. मार्कच्या शुभवर्तमानात (येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकात) ज्यू धर्मशास्त्री येशूवर आरोप करतात तो असा, की हा भुतांच्या सरदाराच्या बळावर भुतं काढतो. म्हणजे काही घडतच नव्हतं असं विरोधकही म्हणत नव्हते. भांडण होतं ते कुणाच्या बळावर घडतंय यावरून. येशू त्याच्या हयातीतच रोग बरे करणारा म्हणून ओळखला जात होता, हे श्रद्धा न ठेवणारे बहुतेक अभ्यासकही मान्य करतात.

पण या बाजूची एक गोची आहे, आणि आपल्या भागात ती लगेच समोर येते. देवाला काय अशक्य, एवढ्यावरच काम भागत असेल, तर ज्ञानेश्वरांनी चालवलेली भिंत आणि इंद्रायणीतून वर आलेली गाथा कुठल्या तोंडानं नाकारायची? डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञानं १७४८ साली नेमकं इथंच बोट ठेवलं होतं: प्रत्येक धर्माचे चमत्कार दुसऱ्या धर्माच्या चमत्कारांची साक्ष खोडून काढतात. त्याचा सगळा युक्तिवाद मला पटत नाही, कारण तो साक्षी तपासण्याआधीच निकाल लावून मोकळा होतो. पण शेजारच्या घरातली कथा दंतकथा आणि आपल्या घरातली तेवढी इतिहास, असं म्हणायचं असेल तर कारण द्यावं लागेल. नुसतं "आमच्या पुस्तकात लिहिलंय" हे कारण होत नाही.

"धडा" म्हणणाऱ्यांना आपल्याकडे शिकून शहाणे झालेले समजतात. ते तितकंसं खरं नाही. ही वाट जुनीच आहे: तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित ओरिगेन शास्त्रातल्या कित्येक कथांचा गूढार्थच महत्त्वाचा मानायचा. आधुनिक काळात १९४१ साली जर्मनीतले बायबल-अभ्यासक रुडॉल्फ बुल्टमान यांनी मांडलं की शुभवर्तमानांचा संदेश त्या काळच्या पुराणकथांच्या भाषेतून सोडवून घ्यायला हवा. ही बाजू सगळ्यात जोरात उभी राहते योनाच्या पुस्तकात. तिथं योनाला गिळणाऱ्या माशावर वाद घालणाऱ्यांनी शेवटचा अध्याय वाचलेलाच नसतो. शत्रूचं शहर वाचलं म्हणून संदेष्टा योना रुसून बसलाय आणि देव त्याला विचारतोय, या निनवेत एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत, पुष्कळ गुरंढोरंही आहेत, त्यांची दया मला येऊ नये? पुस्तक या प्रश्नावरच थांबतं. मासा खरा की खोटा, यानं या प्रश्नाची धार तसूभरही कमी होत नाही.

आता पाच भाकरी आणि दोन मासे, ज्यांत येशूनं हजारोंना जेवू घातलं ती कथा. पुनरुत्थान, म्हणजे येशूचं मेलेल्यांतून उठणं, सोडलं तर चारही शुभवर्तमानांत येणारा हा एकच चमत्कार, म्हणून यावर जरा जास्त वेळ थांबतो. १८२८ साली हाइनरिख पाउलुस या जर्मन अभ्यासकानं याचा उलगडा असा केला की कुणी चमत्कार केला नाही. येशूनं आपलं वाटलेलं बघून लोकांनीही शिदोऱ्या सोडल्या. हा उलगडा आजही प्रवचनांतून ऐकू येतो. ऐकायला गोड आहे, पण मूळ मजकुरात तसं एक अक्षरही नाही. उलट शिष्य म्हणतात, यांना जाऊ द्या, आसपासच्या खेड्यांतून विकत घेऊन खातील. आणि "वाटून खा" एवढाच धडा असेल, तर रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाला पाजणारे एकनाथ आपल्याकडे आधीपासून आहेत. त्यासाठी गालीलापर्यंत कशाला जायचं?

पण मजकूर दुसऱ्या बाजूलाही झुकतो. योहान सांगतो की भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाचं अन्न. जुन्या करारातल्या राजांच्या दुसऱ्या पुस्तकात अलीशा हा संदेष्टा वीस जवाच्या भाकरींत शंभर जणांना जेवू घालतो आणि वर उरतंही. शुभवर्तमान लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती जुनी कथा होती, हे उघड दिसतं. मार्क तर दोन अध्यायांनंतर येशूच्याच तोंडून शिष्यांची परीक्षा घेतो: किती टोपल्या उचलल्या? बारा. आणि दुसऱ्यांदा तसंच जेवू घातलं तेव्हा? सात. अजून तुमच्या ध्यानात येत नाही? टोपल्यांचा आकडा शिष्यांना तोंडपाठ आहे, अर्थ मात्र कळलेला नाही. मार्कला ही घटना घडली असंच म्हणायचंय, पण नुसतं "घडलं" म्हणून थांबणाऱ्याला तो नापास करतो.

म्हणून सगळ्या चमत्कारांना एकच माप लावू नये, असं माझं मत. एका ठिकाणी मात्र दोन्हीकडे पाय ठेवता येत नाही. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात स्पष्ट लिहितो: ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. कुणाकुणाला दिसला याची यादी तो देतो, एका वेळी पाचशेहून अधिक जणांना दिसला म्हणतो, आणि त्यातले बरेचसे अजून हयात आहेत अशी पुस्ती जोडतो. ही बोधकथा सांगायची रीत नव्हे. जाऊन विचारा, असं सांगणं आहे. नाकारायचं तर सरळ नाकारावं. पण "पुनरुत्थान म्हणजे आशेचं प्रतीक" असं म्हणून दोन्ही घरचं जेवण करू नये.

दवाखान्याची गोष्ट वेगळी, कारण तिथं चुकलं तर जीव जातो. प्रार्थनासभेत कुणी मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या आणि "विश्वास कमी पडतोय" म्हणून वर दोषही दिला, तर चमत्कार अक्षरशः मानणाऱ्यानंही त्याच शास्त्रातून उत्तर द्यावं. पौलाच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. त्याचा सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलंय. दुसरा सहकारी त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात मागे ठेवावं लागलं. यातल्या कुणाचा विश्वास तोकडा होता असं पत्रांत कुठंही म्हटलेलं नाही. कॅथलिक चर्च तर संतपदासाठी बरं झाल्याचा दावा आला की आधी डॉक्टरांकडून तपासून घेतं. आणि तिथंही चमत्कारावर सगळं अडत नाही: बाणावलीचे जोसेफ वाझ यांना २०१५ साली संत घोषित करताना पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट सोडून दिली. जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवदर्शनाला जाऊन आलेल्या आपल्या लोकांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

तर मग निवड. रविवार शाळा घेत असाल तर मुलांना योना गोष्ट म्हणून सांगा, पुनरुत्थान साक्ष म्हणून सांगा आणि भाकरींच्या वेळी टोपल्यांचा प्रश्न त्यांनाच घाला. पालकांची कुरकुर योनावरून होईल. पाळकसाहेबांशी आधी बोलून ठेवलेलं बरं. श्रद्धा नसताना नुसतं समजून घ्यायला वाचत असाल तर मार्कपासून सुरुवात करा: सगळ्यात छोटं शुभवर्तमान, बहुतेक अभ्यासकांच्या मते सगळ्यात जुनंही. त्यातलं नासरेथचं, म्हणजे येशूच्या स्वतःच्या गावचं, प्रकरण चुकवू नका. गावच्या माणसांसमोर येशूला थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्यांना बरं करण्यापलीकडे काही करता आलं नाही, असं मार्क न लपवता लिहितो. रचून सांगणारा माणूस असला तपशील गाळून टाकतो.

आणि दोन धर्मांत लग्न ठरत असेल, तर पुनरुत्थानाबद्दल तेवढं एकमेकांना आधीच विचारून घ्या. पुढे पोरांना कुठल्या प्रार्थनेला बसवायचं, हे त्या एका उत्तरावर ठरतं. योनाच्या माशावरून कुणाचा संसार मोडल्याचं ऐकिवात नाही.