सोलापूरहून लंडन: मुंबईमार्गे की हैदराबादमार्गे?

आकाशातले अंतर पाहिले तर मुंबई सरस ठरते. मुंबई ते हीथ्रो हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, तर हैदराबादहून ते साधारण ७,७०० किलोमीटर भरते; ताशी साडेआठशे किलोमीटरच्या वेगाने हा फरक जेमतेम पस्तीस-चाळीस मिनिटांचा होतो. दोन्हीकडून थेट विमाने आहेत, आणि जाताना वारे समोरून येत असल्याने परतीपेक्षा जाण्याचा प्रवास लांबतो, हेही दोन्हीकडे सारखेच.

खरा फरक जमिनीवर पडतो. सोलापूरहून मुंबई रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर, हैदराबाद ३०० किलोमीटरच्या आसपास. शिवाय झहीराबाद, संगारेड्डी ओलांडून पटनचेरूजवळ बाह्यवळण रस्ता धरला की शहरात न शिरता शमशाबादचा विमानतळ गाठता येतो. मुंबईच्या वाटेवर मात्र लोणावळ्याचा घाट आणि पनवेलनंतरची वाहतूक वेळेचा हिशेब बिघडवते. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने झोपून जाणाऱ्याला हे जाचत नाही, पण अवजड बॅगा घेऊन सीएसएमटीहून विमानतळ गाठणे उरतेच. मोटारीने निघणाऱ्या कुटुंबाला मी हैदराबादच सुचवीन, तिकिटाच्या दरात मोठी तफावत नसेल तर.