मेंदूज्वराचं नेटवर्क: सँपल मोठ्या लॅबला पाठवायचं की जिथल्या तिथे बघायचं?

तुटपुंज्या सोयींच्या पाच-दहा हॉस्पिटलांना जोडून मेंदूच्या इन्फेक्शनवर रिसर्च करायचा म्हटलं की पहिल्याच मीटिंगला हा वाद निघतो. एक गट म्हणतो सगळी सँपलं (मुख्यतः सीएसएफ, म्हणजे पाठीतून काढलेलं पाणी) एका मोठ्या लॅबला पाठवा, दुसरा म्हणतो प्रत्येक हॉस्पिटलात थोडं सामान आणि शिकवलेला माणूस ठेवा. मी दोन्हीत काम केलंय, आधी पहिल्यात आणि आता दुसऱ्यात, तेव्हा लिहितोय ते सगळं माझ्या अनुभवावरून, तुमच्याकडे वेगळं असू शकतं.

मोठ्या लॅबचं कौतुक आधी करतो, कारण ते खरंच आहे. सगळ्यांचं सँपल एकाच पद्धतीने तपासलं जातं, आकडे एकमेकांशी जुळतात, पेपर पाठवल्यावर रिव्ह्यूअर कमी छळतात. हर्पिस व्हायरसचे जीन शोधणारी पीसीआर किंवा जपानी एन्सेफलायटिसची (डासांमुळे होणारा मेंदूज्वर) अँटिबॉडी बघणारी आयजीएम टेस्ट दहा ठिकाणी नीट चालवणं कठीणच. आणि काही नवीनच निघालं तर तिथे गेल्याशिवाय सुटका नाही. 1998-99 ला मलेशियात सुरुवातीला सगळे जपानी एन्सेफलायटिस समजून डासांच्या मागे लागले होते, तो निपाह हा नवाच व्हायरस आहे हे व्हायरस वेगळा काढून मोठ्या लॅबमध्ये बघितला तेव्हा कळलं. छोट्या हॉस्पिटलातल्या मायक्रोस्कोपखाली हे कधीच दिसलं नसतं.

तरी माझं मन उडालं ते एका बॉक्समुळे. ड्राय आइसचा बॉक्स पाठवायला खर्च येतो म्हणून तो भरेपर्यंत थांबायचं असा नियम होता. बॉक्स भरून जाणार, तिकडे तपासणी होणार, रिपोर्ट येणार, तोवर पेशंट घरी गेलेला नाहीतर वर गेलेला. रिपोर्टवर नावही नाही, नुसता स्टडी नंबर, तो कोणाचा हे बघायला कपाटातलं रजिस्टर काढा, आणि कपाटाची चावी ज्याच्याकडे तो सुट्टीवर. रात्री अडीचला एलपी (पाठीत सुई घालून सीएसएफ काढणं) केलेला रेसिडेंट राऊंडला विचारायचा, "सर, त्या मुलीचं काय आलं हो?" मी म्हणायचो येईल. दोन-तीन महिने विचारलं पोरांनी, मग विचारायचं सोडलं, आणि मग हळूहळू एलपीच करायचं सोडलं. फाइलवर "नातेवाईकांचा नकार" हे वाक्य वाढत गेलं. नातेवाईक आधीही नाहीच म्हणायचे, पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो ही भीती होतीच की, पण आधी रेसिडेंट अर्धा तास शेजारी बसून समजवायचा. उत्तर मिळणारच नसेल तर तो तरी कशाला बसेल? तिकडे लॅबचे लोक आम्हाला मेल करायचे, सँपलं का कमी झाली म्हणून!

जिथल्या तिथे बघण्यात हीच अडचण सुटते, निदान आमची सुटली. सेल काउंट, म्हणजे सीएसएफमधल्या पेशींची मोजणी, तर तसाही दूर पाठवून उपयोग नाही, रूम टेंपरेचरला तासाभरात साधारण एक तृतीयांश न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) फुटून जातात, दोन तासांत निम्मे. क्रिप्टोकोकल अँटिजेनची (क्रिप्टोकोकस या बुरशीचा अंश ओळखणारी) पट्टी दहा मिनिटांत बोलते. छातीच्या टीबीसाठी जीनएक्स्पर्ट (टीबीचा जंतू शोधणारं मशीन) बऱ्याच ठिकाणी आधीच असतं, त्यात सीएसएफही चालतं, फक्त निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं धरून औषध थांबवू नका. रक्तातली शुगर घ्यायला सगळे विसरायचे आणि मग ताडून बघायला काही नसल्याने सीएसएफच्या शुगरला अर्थच उरायचा नाही, तर आम्ही ग्लुकोमीटर थेट एलपीच्या ट्रेमध्ये ठेवला. सकाळच्या राऊंडला काउंट हातात असतो. मोजमाप नाही केलेलं, पण एलपी परत व्हायला लागल्या हे रजिस्टरच्या जाडीवरून दिसतं.

आणि यातून मोठा रिसर्च होत नाही असंही नाही. 2022 ला आलेली अँबिशन ट्रायल (क्रिप्टोकोकल मेनिंजायटिस, म्हणजे त्याच बुरशीच्या मेंदूज्वराच्या औषधाची) आफ्रिकेतल्या पाच देशांमधली, 800 वर पेशंट, आणि त्यात घ्यायचं की नाही ते ठरायचं सीएसएफच्या इंडिया इंक (बुरशी दाखवणारी शाई) किंवा अँटिजेनवर. तिच्याच आधारावर त्याच वर्षी डब्ल्यूएचओने क्रिप्टोकोकल मेनिंजायटिसच्या गाइडलाइन बदलल्या.

तोटे आहेतच. प्रत्येकाचा काउंट वेगळा येतो, त्यामुळे एकमेकांच्या स्लाइड पुन्हा बघाव्या लागतात, किट एक्स्पायर होतात, ऑडिटवाले वैतागतात. फ्रिजचा घोळ मात्र दोन्हीकडे सारखाच, कल्चरची (जंतू वाढवून बघायची) ट्यूब फ्रिजमध्ये गेली की मेनिंगोकोकससारखा जंतू मरतो आणि पीसीआरची बाहेर राहिली की ती वाया जाऊ शकते, रात्री ड्युटीवर कोणीतरी दोन्ही एकाच खणात टाकतोच. आम्ही शेवटी ट्यूबला लाल आणि निळी टेप लावली.

तुमचा प्रश्न नवीन व्हायरस शोधायचा असेल तर माझं ऐकू नका, मोठी लॅब धरा. बाकी कशासाठी असेल तर मी आधी वॉर्डशेजारी टेबल मांडीन आणि उरलेलं सीएसएफ फ्रीझरमध्ये जपून ठेवीन, ते भरेल तेव्हा जाऊ दे बॉक्स, कोणी वाट बघत नसतं. फक्त टेक्निशियन दोन शिकवा. आमची एकच होती, ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि पेशी मोजायच्या चेंबरवर धूळ बसली.