भिंतीसाठी काय घ्याल: लाल वीट, राखेची वीट, ब्लॉक की चिरा?

जोत्याचं काम उरकलं की मिस्त्री विचारतो, "वीट कुठली मागवू?" बहुतेक जण दर विचारून मोकळे होतात. त्या दिवशी आणखी एक विचारा: माल किती लांबून येणार? कागदावर पर्यावरणपूरक ठरलेला ब्लॉक दोनशे किलोमीटर ट्रकनं आणला, तर त्याचं बरंचसं पुण्य रस्त्यातच संपतं.

लाल वीट सगळ्या गवंड्यांच्या हातातली. तिच्यात खिळा धरतो, आणि जुनं घर उतरवलं तर ती पुन्हा वापरता येते. पण ती शेताच्या किंवा नदीकाठच्या चांगल्या मातीतून निघते, कोळशावर आणि भाताच्या तुसावर भाजली जाते. ठाणे-रायगडच्या भट्ट्यांवर कातकरी कुटुंबं उचल घेऊन अख्खा हंगाम राबतात, त्यांच्या मुलांची शाळा सुटते. हे दरपत्रकात लिहिलेलं नसतं, पण मला ते विसरता येत नाही. लाल वीटच हवी असेल तर निदान रॅट-ट्रॅप पद्धतीनं बांधा. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत रुजवली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात, मधे पोकळी राहते. 9 इंची भिंतीत साधारण 25 टक्के विटा वाचतात आणि उन्हाची झळही कमी लागते. मात्र विजेच्या पाइपांच्या जागा आधीच ठरवाव्या लागतात आणि गवंडी शिकायला तयार हवा.

राखेची वीट म्हणजे फ्लाय अ‍ॅश वीट. औष्णिक वीज केंद्राची राख, क्रश सँड आणि सिमेंट किंवा चुना एकत्र दाबून ती बनते. भट्टी लागत नाही, फक्त पाणी मारून ती पक्की करायची. कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ, नाशिकजवळचं एकलहरे या केंद्रांच्या आसपास राहणाऱ्यांनी आधी हाच पर्याय बघावा, कारण राख तिथे ढिगानं पडून असते आणि वाऱ्यानं उडून गावांत जाते. आमचं घर नाशिकजवळ, म्हणून मी हीच घेतली. कडा सरळ असतात, त्यामुळे गिलावा पातळ बसला. मात्र दर्जा कारखान्यागणिक बदलतो. एक वीट कोरडी तोला, 24 तास पाण्यात बुडवा, पुन्हा तोला. वजन 20 टक्क्यांहून जास्त वाढलं, म्हणजे 3 किलोची वीट 3 किलो 600 ग्रॅमच्या पुढे गेली, तर ती गाडी परत पाठवा. लाल विटेलाही हीच कसोटी लावा.

एएसी, म्हणजे सिमेंटच्या हलक्या, सच्छिद्र ब्लॉकला पुण्याकडचे गवंडी अजून सिपोरेक्स म्हणतात. मिश्रणात अ‍ॅल्युमिनियमची पूड घालतात, त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि माल पावासारखा फुगतो. मग वाफेच्या दाबाखाली तो पक्का करतात. 600×200×150 मिलिमीटरचा कोरडा ब्लॉक साधारण 11 किलोचा, आणि तेवढ्या जागेत आठ-दहा लाल विटा म्हणजे 25 ते 30 किलो. चार मजली आरसीसी इमारतीत हा फरक मोठा आहे. पण कॉलम आणि पायाचं लोखंड तेव्हाच वाचतं, जेव्हा डिझाइनच हलक्या भिंती धरून केलेलं असतं. स्लॅब टाकून झाल्यावर "आता ब्लॉक वापरू" म्हणणाऱ्याचं एक किलोही लोखंड वाचत नाही. त्यामुळे हा निर्णय इंजिनिअरसमोर, नकाशा अंतिम होण्याआधी घ्या. कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर जाळी मारल्याशिवाय गिलावा करू देऊ नका, तिथे हमखास चीर जाते. बैठ्या घरासाठी लांबून ब्लॉक आणण्यात मला अर्थ दिसत नाही.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यात घर असेल तर चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा. भाजणं नाही, गिलाव्याचीही गरज नाही, आणि शंभर वर्षांची चिऱ्याची घरं तिथे उभी आहेत. फक्त खाण कुठली आहे ते विचारून घ्या. ज्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, पावसाळ्यात फुलं उमलतात आणि ज्यांवर कातळशिल्पं कोरलेली आहेत, तोच जांभा आपण कापत असतो. ती शिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत.

भिंत कशाचीही असो, सिमेंट लागणारच, आणि जगातल्या कार्बन उत्सर्जनापैकी सुमारे 8 टक्के एकट्या सिमेंटचं आहे. जोडकाम आणि गिलाव्याला पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट मागा, त्यात 15 ते 35 टक्के राख असते. ते सावकाश कडक होतं, म्हणून काँक्रीटमध्ये वापरलं तर साध्या सिमेंटच्या (ओपीसी) सात दिवसांऐवजी किमान दहा दिवस पाणी मारायला हवं. ते मारणारा माणूस सिमेंटची गाडी येण्याआधी ठरवून ठेवा.